अकरा मैलांचा गारवा

अकोल्यात त्या काळी एकच मोटार अशी होती, की जिच्या काचा ऐन मे महिन्यात वरपर्यंत बंद असत. ताजनापेठेतून ती जाऊ लागली की लोक म्हणत, "वकिलाले येड लागलं. भट्टीत बसून फिरून राह्यला." आत गार हवा असते, हे कुणाला सांगून पटत नसे. देवमनलाही पहिल्यांदा पटलं नव्हतं, आणि तो तर ती गाडी चालवत होता.

देवमन दर्यापूरचा. बाप लहानपणीच गेला. माय केशरबाई हिनं लोकांच्या शेतात कापूस वेचून त्याला वाढवलं. लढाईच्या दिवसांत तो फौजेच्या मोटार विभागात भरती झाला आणि लायसन घेऊन परत आला. काही वर्षं सरकीचे ट्रक चालवल्यावर पंचावन्न साली बापूसाहेब वकिलांकडे ड्रायव्हर म्हणून लागला. पुढच्याच वर्षी दसऱ्याला मायलेक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. केशरबाईनं घरातले जुने देव नदीत सोडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी कामावर गेली.

गार हवेची ती अमेरिकन गाडी बापूसाहेबांनी अठ्ठावन्न साली मुंबईच्या एका लिलावातून आणली. ती मिरवायला आणली असं गाव म्हणे, पण देवमनला खरं कारण ठाऊक होतं. बापूसाहेबांच्या पत्नी रमाबाई कन्याशाळेत शिकवत. पाच वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका उडून त्यांची पाठ, मान आणि दोन्ही दंड भाजले. जीव वाचला, पण भाजलेल्या कातडीला घाम येईना. डॉक्टरांनी सांगितलं, अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच उरली नाही, उन्हाळ्यात जपा. जपायचं म्हणजे होळीपासून मृगापर्यंत वाळ्याच्या ताटीमागे बसून राहायचं. शाळा सुटली, माहेर सुटलं.

गाडी आली त्या आठवड्यात रमाबाई पाच वर्षांनी पहिल्यांदा उन्हाळ्यात घराबाहेर पडल्या. मागच्या सीटच्या पाठीमागून हवा येई. ती मानेला लागली तशी त्या इतकंच म्हणाल्या, "देवमन, जरा लांबच्या रस्त्यानं घे."

मुंबईहून गाडी आणताना तिथल्या पारशी मेकॅनिकनं देवमनला बजावलं होतं, "हे मशीन बाराही महिने चालव. थंडीत बंद ठेवलंस तर आतलं तेल सुकेल, गॅस निघून जाईल आणि मे महिन्यात नुसता पंखा राहील." देवमननं ते मनावर घेतलं. पावसाळ्यात आतून काचा धुरकटत, तेव्हा यंत्र चालू केलं की मिनिटात स्वच्छ होत. आणि पौषातही दर रविवारी तो दहा मिनिटं यंत्र चालवी.

अशाच एका रविवारी बापूसाहेब शाल गुंडाळून बाहेर आले आणि चमकले.

"अरे, दात वाजताहेत माझे! या थंडीत कुणासाठी गारवा करतो आहेस?"

"मशीनसाठी, साहेब. तिले सवय राह्यली पाह्यजे."

"आणि पेट्रोल?"

"पेते ना. दहा मिनिटाचं पेते, पन उन्हाळ्यात दगा देत नाई."

बापूसाहेब वकील माणूस. पुराव्यावाचून त्यांना चैन पडत नसे. "किती पेते ते दाखव," ते म्हणाले. मग दोघांनी टाकी काठोकाठ भरून अकोला-अमरावतीच्या खेपा केल्या, एक यंत्र चालू ठेवून आणि एक बंद ठेवून. बंद असताना गाडी गॅलनला चौदा मैल गेली, चालू असताना अकरा. देवमननं आणखीही गोष्टी हेरल्या. कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी बैलगाड्यांच्या गर्दीत उभं राहून यंत्र चालवलं तर पेट्रोल फुकट जातं, वर इंजिनही तापतं. गाडी लिंबाखाली लावली आणि आधी दारं उघडून आतली वाफ जाऊ दिली, तर यंत्राला निम्मेच कष्ट पडतात. पेट्रोलच्या काट्याचाही त्याला भरवसा आला होता.

एकसष्ट सालच्या मे महिन्यात रमाबाईंच्या भाचीचं, विमलचं, दर्यापूरला लग्न होतं. बापूसाहेब कोर्टात अडकले होते, म्हणून देवमन त्यांना एकटाच पहाटे घेऊन गेला. परतीचं पेट्रोल दर्यापुरात भरायचं होतं. पण पंपावरच्या शेषरावनं हात हलवले, "खडखडाट हाय. टँकर संध्याकाळी येईन."

घाई नव्हती. अक्षता पडल्यावर देवमन मायला भेटायला वस्तीकडे गेला. दारात बायांची गर्दी होती. केशरबाई सकाळपासून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या गोळा करायला शेतात होती आणि तिथंच कोसळली होती. बायांनी तिला खाटेवर घालून आणलं होतं. देवमननं हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं, कोरडं. माय बरळत होती, त्याला ओळखत नव्हती. गावच्या डॉक्टरनं पाहून सांगितलं, "माझ्यापाशी बर्फ नाही. अमरावतीला मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." प्रवाशांची सर्व्हिस मोटार चार वाजता होती, आणि आता तर बाराही वाजले नव्हते.

देवमन पळत लग्नघरी आला. मांडवाच्या कडेला उभ्या राहून रमाबाईंनी सगळं ऐकलं. त्यांनी एकच विचारलं, "घाम येतोय का तिला?"

"नाई."

"चल." त्या तशाच, लग्नाच्या शालूत गाडीत बसल्या.

वस्तीत मायला मागच्या सीटवर निजवलं. रमाबाईंनी तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि कुणीतरी दिलेलं ओलं फडकं कपाळावर ठेवलं. देवमन यंत्राच्या खटक्याकडे हात नेता नेता थांबला. अमरावती बत्तीस मैल. काटा सांगत होता, टाकीत अडीच गॅलन.

"काय झालं?"

"बाईसाहेब, पेट्रोल कमी हाय. मशीन चालू ठेवली तं गाडी पोचत नाई. बंद ठेवली तं पोचते, पन..." बंद गाडीत मायचं काय होईल हे त्याला दिसत होतं. बाईसाहेबांचं काय होईल तेही.

"अर्धवट चालवलं तर?"

देवमननं डोळे मिटून हिशेब जुळवला. "अकरा मैल चालते. पुढचे एकवीस मैल काचा खाली."

"मग पहिले अकरा चालव. आधी तिच्या अंगातला ताप उतरू दे."

"तुमाले सहन होईन का?"

"मला विचारू नकोस. गाडी काढ."

पहिल्या अकरा मैलांत देवमन वेगाचा काटा तीसच्या वर जाऊ देत नव्हता. गाडीला ना झटका देत होता, ना ब्रेक दाबत होता. रमाबाई फडकं तांब्यात बुडवून मायचे हात, पाय, गळा पुसत होत्या. आठव्या मैलाला बरळणं थांबलं. अकराव्याला देवमननं खटका बंद केला आणि काचा उतरवल्या. दोन्ही बाजूंच्या काळ्या रानावरून झळ आत घुसली.

थोड्याच वेळात आरशात त्याला बाईसाहेबांचा चेहरा दिसला. मान आणि गाल लालभडक झाले होते, ओठ घट्ट मिटले होते. त्याचा हात आपोआप खटक्याकडे गेला.

"हात काढ," मागून आवाज आला. "रस्त्यात गाडी बंद पडली तर दोघींनाही कुठं ठेवशील?"

त्यानं हात काढला. डोळ्यांपुढं रस्ता पाण्यासारखा हलत होता.

केशरबाईनं डोळे उघडले ते त्याच टप्प्यात. वर पाहिलं, खालचा जरीचा पदर पाहिला आणि ती धडपडून उठू लागली.

"बाई, मले खाली बसवा. तुमचं लुगडं खराब होऊन राह्यलं."

"होऊ द्या. पडून राहा, केशरबाई."

केशरबाई निमूट पडून राहिली. खालून तिला तो लाल चेहरा दिसत होता. तिनं हळूच हात वर नेला, आपल्या कपाळावरचं फडकं काढलं आणि बाईंच्या मानेवर, त्या सुरकुतलेल्या कातडीवर ठेवलं. "इथं लय तापलं हाय," ती म्हणाली. आठ वर्षांत डॉक्टरांशिवाय त्या मानेला कुणाचा हात लागला नव्हता. रमाबाईंनी तो हात तिथंच धरून ठेवला. देवमननं आरशातून नजर काढली आणि नुसता रस्ता पाहत राहिला.

गाडी दवाखान्यापर्यंत पोचली. केशरबाईला बर्फात ठेवलं, सलाईन लावलं. रमाबाई मात्र पायऱ्यांवरच चक्कर येऊन पडल्या. त्यांनाही दुसऱ्या वॉर्डात दोन दिवस झोपून राहावं लागलं.

संध्याकाळी देवमन गाडी पंपावर घेऊन गेला. टाकी भरताना त्यानं गॅलन मोजले. टाकीत अजून अर्धा गॅलन होता. सपाट रस्त्यावर तीसच्या चालीनं गाडी त्याच्या अंदाजापेक्षा किती तरी कमी पेट्रोल प्यायली होती. अकोल्याच्या खेपांना बापूसाहेब मागून "हाण, हाण" म्हणत, त्या चालीवर त्यानं आकडे बांधले होते. यंत्र बत्तीसही मैल चाललं असतं.

रात्रभर तो व्हरांड्यात बसून होता. निरोप पोचताच बापूसाहेब मिळेल त्या गाडीनं आले, दोन्ही वॉर्डांत जाऊन पाहून आले आणि त्याच्या शेजारी बाकावर बसले. सकाळी तो रमाबाईंच्या खाटेशी जाऊन उभा राहिला.

"बाईसाहेब, माह्यी चूक झाली. पेट्रोल उरलं. मशीन शेवटपर्यंत चालली असती. तुमाले उगाच..." तो रडू लागला.

चूक लहान नव्हती, आणि रमाबाईंच्या अंगाची आग अजून शमली नव्हती.

"तुला माहीत असतं तर तू चालू ठेवलं असतंस ना?"

"व्हय."

"मग झालं. आणि यंत्र चालू असतं, तर केशरबाईंनी माझ्या मानेवर हात कशाला ठेवला असता?" त्यांनी उशीवरची मान वळवली. "त्या कशा आहेत? जेवल्या का?"

"भाकर मागून राह्यली. दवाखान्याची खिचडी नको म्हनते."

"मग इथं काय उभा आहेस? जा, भाकरी आण. माझ्यासाठीही आण."

केशरबाई बरी झाली, पण उन्हातलं काम सुटलं ते कायमचं. रमाबाईंनी तिला पुढचा महिनाभर अकोल्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. शेजारपाजारच्यांनी नाकं मुरडली. एकदोघींनी येणं सोडलं. वाळ्याच्या ताटीमागं दोघी दुपारभर बसून बोलत. काय बोलत ते देवमनला कधी कळलं नाही, कारण तो आत गेला की दोघी गप्प होत आणि मग हसत.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा रमाबाई मुख्याध्यापिकांना भेटून आल्या. सकाळच्या दोन तासांसाठी त्यांना परत घेतलं गेलं. पहिल्या दिवशी देवमननं सात वाजता गाडी दारात लावली. रमाबाई आणि केशरबाई दोघीही येऊन बसल्या. केशरबाईला शाळा आतून कशी असते ते पाहायचं होतं.