समेवर उघडणारी मूठ

उजवी मूठ उजव्या गुडघ्यावर. मुठीच्या आत अंगठा बोटांच्या पेरांवरून मात्रा मोजत फिरायचा, आणि गायक समेवर आला की मूठ उघडून तळहात उताणा गुडघ्यावर पडायचा. तोंडाने वाहवा नाही, मान डोलावणं नाही. आमच्या सोलापूरच्या संगीत मंडळात पंधरा वर्षं गायकांचं पास-नापास या एका मुठीवर ठरत होतं.

मूठ होती आमच्या जॉबरची. जॉबर म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यात साचे, म्हणजे यंत्रमाग, चालते ठेवणारा, पंचवीस-तीस विणकरांवरचा माणूस. मी त्याच खात्यात कारकून. मंडळातले वकील, डॉक्टर, प्राध्यापकसुद्धा त्यांना जॉबर म्हणूनच हाक मारत. मूळचे मोडनिंबकडचे, शाळा चौथीपर्यंत. गाण्याची एक ओळ कधी गुणगुणताना मी त्यांना ऐकलं नाही. नव्या माणसाने अदबीने विचारलं, "आपण कुणाकडे शिकलात?" तर म्हणायचे, "शिकलो न्हाय. ऐकलंय."

तुमच्याही गावात असा एखादा श्रोता असेल, लोक गवयाकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघत असतील. आम्ही त्यात तरबेज झालो होतो. गवई तान घेऊन परतायला लागला की सगळ्या सतरंजीचे डोळे जॉबरच्या गुडघ्यावर. मूठ उघडली की मग आम्ही ‘क्या बात है’ म्हणणार. आधी म्हणून हसं कोण करून घेईल?

खात्यातली गोष्ट वेगळी. तिथे सगळे साचे एकदम चालू झाले की कानाशी ओरडलेलंही कळत नाही. म्हणून खात्यातला माणूस ओठांनी बोलतो. आवाज काढायचा नाही, नुसते ओठ ठळक हलवायचे, आणि चार साचे पलीकडच्याने ते वाचायचे. ‘चहा आला’, ‘साहेब आले’, ‘पोरीचं लग्न ठरलं’, सगळं असंच. मला ही बोली यायला सहा महिने लागले. मग घरीही तसंच बोलायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "मी काही गिरणीत कामाला नाही." जॉबर तर या बोलीतले पंडित. वीस हात लांब कुणी त्यांच्या नावाने बोटं मोडत असला तरी ते तिथूनच ओठांनी उत्तर द्यायचे, "तुजा बा."

ही गोष्ट घडली त्याच्या आधीच्या वर्षा-दोन वर्षांत मंडळात त्यांच्याबद्दल थोडी कुरबुर सुरू झाली होती. मागून हाक मारली तर वळत नाहीत, मोठेपणा आलाय, असं लोक म्हणत. बैठकीतली मधली जागा सोडून ते डावीकडे, तबलजीच्या अगदी समोर बसू लागले. एका संध्याकाळी गाणं चालू असताना दिवे गेले. गवई आणि तबलजी कसलेले, अंधारातही थांबले नाहीत. दहा मिनिटांनी कंदील आला, तेव्हा जॉबरची मूठ घट्ट मिटलेली होती आणि अंगठाही थांबलेला. झालं. बिचारा तबलजी मध्यंतरात त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला, "कुठे चुकलं, सांगा." जॉबर म्हणाले, "तुजं काय न्हाय. उजेड नव्हता." याच्यावर आम्ही आठवडाभर हसलो. उजेड लागतो कशाला गाण्याला!

मंडळ स्थापलं होतं आमच्या गुरुजींनी. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी गाणं शिकवलं, आणि शेवटची शिष्या म्हणजे शहराच्या पूर्वभागातल्या एका तेलुगू विणकराची मुलगी, पद्मा. बाप हातमागावर चादरी विणायचा. पोरगी नऊ वर्षांची असल्यापासून गुरुजींपुढे तंबोरा घेऊन बसली, गुरुजी गेल्यावर मुंबईला गेली, आणि बाविसाव्या वर्षी तिची एल.पी. निघाली. गुरुजींनी बांधलेली जौनपुरी रागातली बंदिश, आणि साथीला गिटार, व्हायोलिनं, बोंगो.

गावात गहजब उडाला. बसस्टँडजवळचा हॉटेलवाला ती रेकॉर्ड सकाळपासून लावायचा. कॉलेजची पोरं जौनपुरी गुणगुणत सायकली मारू लागली, ज्यांना जौनपुरी ही मिठाई आहे की गाव हेही माहीत नव्हतं. आमचे वकील म्हणाले, "गुरुजींची बंदिश हॉटेलात नेऊन बसवली." कव्हरवर तिचा केस मोकळे सोडलेला फोटो होता, त्यामुळे निम्म्या मंडळींचं मत रेकॉर्ड पाकिटातून बाहेर यायच्या आधीच तयार होतं.

अशात तिचं पत्र आलं. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाली की गुरुजींची पुण्यतिथी असते. त्या दिवशी त्यांचे सगळे शिष्य गातात. ‘मलाही गायचं आहे,’ एवढंच तिने लिहिलं होतं. कार्यकारिणीत दोन तास भांडण झालं. शेवटी चिटणिसांनी मार्ग काढला: रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून रेकॉर्ड ऐकायची, मुलीलाही बोलवायचं, आणि तिथल्या तिथे ठरवायचं. ठरवायचं म्हणजे काय, ते कुणी बोललं नाही. जॉबर येणार होते.

वाचनालयाच्या माडीवर सतरंज्या घातल्या. रेकॉर्ड प्लेअर चालवायला मी, कारण सुई कशी टेकवायची ते मंडळात मलाच ठाऊक होतं. मुलगी बापाच्या शेजारी, भिंतीला पाठ न टेकता बसली होती. केस घट्ट वेणीत बांधलेले. तिची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती. कोणी तिच्याशी बोललं नाही. जॉबर आले, डावीकडे बसायला गेले आणि क्षणभर थबकले. तिथे समोर तबलजी नव्हता, माझा प्लेअर होता. मग बसले आणि मूठ गुडघ्यावर ठेवली.

मी सुई टेकवली.

व्हायोलिनं झाली, गिटारचे चार सूर झाले, आणि तिचा आवाज आला. मी खरं सांगतो, मला गुरुजी आठवले. पण मी मान वर करून आधी जॉबरच्या मुठीकडे बघितलं, इतरांसारखंच. बोंगो सुरू झालं, मुखडा आला, सम आली. माझ्यासारख्या कारकुनालाही कळली, इतकी ती स्वच्छ आली. मूठ उघडली नाही.

दुसरं आवर्तन झालं. तिसरं झालं. मूठ मिटलेली. आता खोकलेही थांबले होते. वकिलांच्या तोंडावर समाधान पसरायला लागलं. मुलीची बोटं पदरावर स्थिर झाली होती, आणि तीही त्या मुठीकडेच बघत होती.

मी प्लेअरपाशी उभा होतो, म्हणून मला सगळ्यांची तोंडं दिसत होती. जॉबरचंही. गाणं ऐकताना ते डोळे अर्धे मिटायचे, आज टक्क उघडे होते. आधी ते फिरणाऱ्या तबकडीकडे बघत होते. मग त्यांची नजर एकेकाच्या गुडघ्यावरून फिरायला लागली: वकिलांच्या, डॉक्टरांच्या, चिटणिसांच्या. कुणाचा तरी हात हलेल म्हणून ते शोधत होते. आणि कुणाचाच हात हलत नव्हता, कारण सगळे त्यांचा हात हलायची वाट बघत होते.

दिवे गेलेली ती संध्याकाळ, तबलजीसमोरची जागा, मागून मारलेल्या हाका, सगळं एकदम समोर आलं. बाजू संपली. मी सुई उचलली.

"झालं तर मग," चिटणीस म्हणाले. वकील म्हणाले, "जॉबरनी सांगायचं ते सांगितलं. आता चर्चा कशाला?" मुलीचा बाप उठला. "पद, अम्मा," एवढंच म्हणाला, चल पोरी. भांडायची त्याची पद्धत नव्हती.

मी जॉबरच्या नजरेला नजर दिली आणि खात्यात बोलतो तसं, आवाज न काढता, ओठांनी विचारलं, "ऐकू आलं का?"

एवढ्या माणसांतून त्यांनी ओठांनीच उत्तर दिलं, "न्हाय."

"कधीपासून?"

"दोन वरसं."

"मग सांगा त्यांना."

त्यांचे ओठ हलले, "गप."

मला त्यांचा राग आला. पंधरा वर्षं ज्याला मी डोक्यावर घेतलं, तो माणूस आपली जागा राखायला एका पोरीचं गाणं बुडू देत होता. मी बोलणारच होतो. पण ते माझ्या तोंडून यायला नको होतं, कारण ते गुपित माझं नव्हतं. मी रेकॉर्ड पाकिटात घालायला लागलो.

जाता जाता मुलगी रीतीप्रमाणे मोठ्यांच्या पाया पडत निघाली. वकिलांनी पाय थोडे मागे घेतले. ती जॉबरपुढे वाकली आणि वाकलेलीच काहीतरी बोलली. जॉबरनी तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड वर केलं. "आता बोल."

"काका, कुठे चुकलं तेवढं सांगा. मी परत शिकेन."

हे त्यांनी तिच्या ओठांवरून वाचलं. मग भिंतीचा आधार घेऊन उभे राहिले.

"मंडळी, बसा जरा. पोरीचं काय चुकलेलं न्हाय. मला ऐकाय येत न्हाय."

दोन-तीन जण हसले. त्यांना तो विनय वाटला.

"हसू नका. दोन वरसं झाली, साच्यांनी कान खाल्ले. तबलजीचा हात बघून मोजत हुतो. आज तबलजी न्हाय, तर मी आंधळ्यावानी बसलो. मूठ उघडाय काय जातं? कवाबी उघडली असती. पण समेशिवाय उघडली न्हाय कधी, आणि सम कुटं हाय ते कळंना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पुन्ना लाव. आणि माझ्याकडं कुणी बघू नका. तुमाला कान हायत की."

मी पुन्हा सुई टेकवली. जॉबर सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी जाऊन बसले.

आता बघायला काहीच नव्हतं, म्हणून नाइलाजाने आम्ही ऐकलं. वकिलांनी डोळे मिटले. डॉक्टरांचा पाय हलायला लागला आणि लक्षात येताच थांबला, पुन्हा हलला. दुसऱ्या अंतऱ्यात एका जागी तिने गुरुजींसारखा सूर जरा उशिरा सोडला, तेव्हा चिटणीस "अरेरे" म्हणाले, सुख झालं की ते तसंच म्हणायचे, आणि लगेच ओशाळून इकडे तिकडे बघू लागले. बाजू संपल्यावर भांडण जुंपलं ते खऱ्या अर्थाने पहिलं. गिटारमुळे सुरावरून सुरावर घसरत जाणारी मींड झाकली जाते, असं शाळेतले संगीत शिक्षक म्हणाले. प्राध्यापक म्हणाले, गिटारमुळेच ती उठून दिसते. कोण बरोबर ते कुणालाच ठाऊक नव्हतं आणि विचारायला कुणी उरलं नव्हतं. तासाभराने वकील म्हणाले, "गाऊ दे. गुरुजींच्या घरचं लेकरू आहे. पण ते बोंगो मला आवडलेलं नाही, हे इतिवृत्तात लिहून घ्या." लिहून घेतलं.

मुलीने खिडकीकडे बघितलं. जॉबर केव्हाच जिना उतरून गेले होते.

पुण्यतिथीला ते आले नाहीत. "ज्याला ऐकाय येत न्हाय त्यानं जागा अडवू नये," असं त्यांनी चिटणिसांना सांगितलं होतं. तबलजीसमोरची सतरंजी कुणी ठरवलं नसतानाही रिकामी राहिली. पद्मा गायला बसली, पहिली सम आली आणि आमच्यातल्या निम्म्या जणांनी सवयीने त्या रिकाम्या सतरंजीकडे बघितलं.

पुढे दोन वर्षांनी जॉबर गावाकडे गेले आणि तिथेच वारले. मला मात्र ते दिसतात ते पुण्यतिथीच्या दुसऱ्या दिवसाचे. पाळी सुटल्यावर मी त्यांच्या चाळीत गेलो. खोलीत देवाच्या फळीवर पद्माची एल.पी. उभी ठेवली होती. प्लेअर तर घरात नव्हताच. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "गिटारवाला आणला हुता?"

"आणला होता. गुरुजींच्या फोटोपुढे मोजे काढून बसला."

"बरं केलं." मग विचारलं, "गायली कशी?"

कशी म्हणून सांगू? मला सूर नाही, ताल बेताचा. पण इथे आवाज काढायचाच नव्हता. मी त्यांच्यासमोर मांडी घातली आणि खात्यात बोलतो तशी, नुसत्या ओठांनी, ती बंदिश पहिल्यापासून म्हणायला लागलो. जिथे ती थांबली होती तिथे थांबलो. जिथे तिने सूर उशिरा सोडला तिथे मीही ओठ उघडे ठेवून वाट बघितली. बाहेर पोरं ओरडत होती, नळावर भांडण चाललं होतं.

जॉबरचे डोळे माझ्या ओठांवर होते. मूठ गुडघ्यावर, आत अंगठा पेरांवरून फिरत होता. मी मुखड्यावर आलो, आणि मूठ उघडली.