कव्हरापुरतं पुस्तक

आमच्या कॉलेजात पुस्तकं लिहीत नाहीत, काढतात. मूल्यांकन समिती येणार म्हटलं की सगळ्यांना एकदम विद्वत्तेचं भरतं येतं. त्या वर्षी बीडला एकाच मंचावर सहा पुस्तकं निघायची होती. अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास, वनस्पतिशास्त्र, क्रीडा आणि सहावं मराठीचं, म्हणजे माझं. मी तासिका तत्त्वावरची, त्यामुळे कव्हरवर माझ्या नावाच्या वर विभागप्रमुखांचं नाव होतं. एक ओळ न लिहिता. तेही मी गिळलं, कारण पुस्तक खरं होतं.

आमचं घर मेंढरांचं, नेकनूरच्या बाजूचं. कित्येक उन्हाळे मेंढपाळांच्या तळावर बसून मी त्यांचे शब्द उतरवून घेतले होते. मेंढराला कानावरून काय म्हणतात, चालीवरून काय, रात्री मेंढरं कोंडायची जाळी, ती वाघर, कशी विणतात. सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचं मागणं एकच होतं, शेवटच्या पानावर त्यांची नावं यावीत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांसमोर जबान दिली होती, "माही पोरगी छापती म्हणली म्हंजे छापती."

सोहळ्याला दादा नवा पटका बांधून आले. चमकी कागदात गुंडाळलेली पुस्तकं ताटातून मंचावर आली. आमच्याकडे प्रकाशन म्हणजे पाहुण्यांनी कागद फाडायचा, पुस्तक छातीशी धरायचं, कव्हर कॅमेऱ्याकडे करायचं आणि हसायचं. उघडायची पद्धत नाही. मला तर मंचावर बोलावलंच नाही. कार्यक्रम संपल्यावर ताटातली एक प्रत मी ओढूनच घेतली आणि दादांच्या हातात दिली.

परतताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. दादा चौथी शिकलेले, अक्षरावर बोट ठेवून वाचतात. त्यांनी चष्मा लावला आणि थेट शेवटचं पान काढलं. चहा निवला तरी बोट फिरतच होतं.

"बाई, आमच्या लोकांची नावं कुठं हायती? ह्यात तर नुसती झाडंझुडपं दिसायलीत."

मी पुस्तक हिसकावलं. कव्हर माझं, आत अख्खं वनस्पतिशास्त्र.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते शांत होते. वेळेत तेवढं एकच छापून झालं, म्हणून सहाही कव्हरांत तेच बांधून घेतलं, असं त्यांनी सांगितलं, जेवणात मीठ कमी पडलं म्हणावं तसं.

"आणि समितीनं उघडलं तर, सर?"

"समिती पुस्तकं मोजते, मॅडम. तुमचं नंतर बघू."

नंतर कधी उगवलंच नाही. समितीनं मोजली, शेरा चांगला दिला. मी दुसरे प्रकाशक गाठले, तर ते म्हणाले, हे नोंदीत आधीच प्रकाशित दिसतंय, सहलेखकांची संमती आणा. विभागप्रमुख संमती कशाला देतील? आत काय आहे हे पुन्हा कुणी विचारायला नको होतं त्यांना. माझा संताप संताप झाला. अजून होतो.

पावसाळ्यात कळप माघारी आले तेव्हा ती म्हातारी माणसं आमच्या ओसरीवर येऊन बसली. आपली नावं ऐकायला. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर दादांनी हातानंच गप्प केलं. आत जाऊन पुस्तक आणलं, चष्मा लावला, शेवटचं पान काढलं आणि झाडांच्या नावांवर बोट ठेवत एकेकाचं नाव, गाव, बापाचं नाव वाचलं. एकही चुकलं नाही.

"माहं परत एकदा वाच की," एक जण म्हणाला.

दादांनी बोट मागं नेलं आणि परत वाचलं. माझा बाप कधी कुणाशी खोटं बोललेला मला माहीत नाही. त्या दिवशी बोलला, माझ्यासमोर, माझं नाव असलेलं पुस्तक हातात धरून.