पुंजाराम टेलरचा मोठा आवाज

पाथर्डीच्या एसटी स्टँडामागं पुंजाराम टेलरचं दुकान आहे आणि पुंजाराम सोडला तर जगात सगळे लबाड आहेत, असं त्याचं ठाम मत. गिऱ्हाईक म्हणालं, "परवा लग्न हाय," की हा म्हणतो, "पत्रिका दाखव." बायको बनुबाई शेजारी काज-बटणं करते, तर तिच्या डब्यातली बटणंसुद्धा हा मोजून ठेवतो. "मोजा बापा," बनुबाई म्हणते, "मी काय बटनं खाती व्हय?"

त्यातून दर नवरात्रात सूर्यभान मुकादम दुकानातल्या बाकड्यावर येऊन बसायचा. ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा माणूस. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्याकडं निघत, त्याआधी तोडकरी नवे शर्ट शिवायला येत, नेमका तेव्हाच हा हजर. शिवायला साधा रुमाल आणायचा नाही, उलट पुंजारामलाच चहा पाजायचा. फुकटचा चहा! पुंजाराम चहा प्यायचा, पण मनात शंका घ्यायचा. ह्याचा डोळा माझ्या जागेवर तर नाही? एकदा तो गेल्यावर पुंजारामनं बाकडं उलटं करूनसुद्धा पाहिलं.

यंदा सातव्या माळेला, मुकादम बाकड्यावर चहा पीत असताना, तोडकरी अजिनाथ आला, मागं त्याची बायको केशरबाई. दरसालचं गिऱ्हाईक. टेप लागला की गुदगुल्यांनी हसणारा हा गडी आज दारातूनच म्हणाला, "दादा, मागचंच माप धरा. टेप कशाला लावता?"

झालं! पुंजारामचे डोळे बारीक झाले. तीनदा माप घ्यायला लावणारा माणूस आज टेप नको म्हणतो? आणि एवढ्या उकाड्यात अंगात शर्टावर शर्ट! पोटाशी चोरीचं काही बांधलंय की काय मेल्यानं?

"सरळ उभा ऱ्हा," पुंजाराम म्हणाला आणि टेप टाकला.

माप घ्यायची त्याची रीत बापापासूनची. आकडा खणखणीत ओरडायचा, बनुबाईनं वहीत लिहायचा. "छाती अडतीस!" तो ओरडला. मागच्याएवढीच. पण बोटाखाली अंग लागेना, नुसतं कापडच कापड. अजिनाथ हसला नाही. केशरबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

मग गळा. गळ्यावर काही शर्ट चढवता येत नाहीत. टेप फिरला आणि साडेतेरावर थांबला. वहीत गेल्या सालचे पंधरा होते. पुंजारामनं मान वर केली. बाकड्यावर मुकादमाची कपबशी ओठाशी थांबली होती. तो अजिनाथकडं बघतच नव्हता. तो पुंजारामच्या तोंडाकडं बघत होता.

आत्ता पुंजारामच्या डोक्यात उजेड पडला. अरे देवा! हा इथं मापं ऐकायला बसतो. कोणाचं अंग भरलंय, कोण उतरलाय, कोणाला टोळीत घ्यायचं आणि कोणाला गाळायचं! नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. नवरा गळाला की बायकोचंही काम गेलं.

"गळा पंधरा!" पुंजाराम ओरडला. बनुबाईनं टेपाकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि गुमान पंधरा लिहिलं.

मुकादमानं चहा संपवला. "अजिनाथ, परवा ये. तुमचा कोयता धरला," म्हणाला आणि निघून गेला.

केशरबाईनं दातातला पदर सोडला. "दोन महिने कावीळ हुती दादा. आता उतरलीय. अंग भरस्तोवर तोडनी मी करीन, मोळ्या मी उचलीन. पन कोयता मोडला असता तर खायचं काय?"

"मग मला आधी सांगायला काय झालं हुतं?" पुंजाराम चिडला. "मी काय वाघ हाय?"

केशरबाई म्हणाली, "तुमाला कसं सांगावं? मुकादम हितं का बसतो, हे समद्या तोडकऱ्यांना ठावं हाय. आमाला वाटलं, तुमी त्याचंच मानूस. त्याचा चहा पिता, म्हून तर एवढ्या मोठ्यानं वरडता."

पुंजारामची नजर खुंटीवर गेली. तिथं कल्याण तोडकऱ्याचा शर्ट लटकत होता, गेल्या नवरात्रात शिवलेला. छाती तेहतीस, हा आकडा मुकादमासमोर त्यानंच ओरडला होता. कल्याण शर्ट न्यायला आलाच नाही, आणि पुंजाराम वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की कल्याणसारखा लबाड माणूस नाही.