ओरिजिनलचा हट्ट

आमच्या घरी दोन गाड्या आहेत. एक मुलाची, उंच, पांढरी, बटण दाबलं की चालू होणारी. दुसरी माझी, पंचवीस वर्षांची, लाल, बुटकी, जपानी बनावटीची. मुलाच्या गाडीशी माझं पटत नाही. पट्टा लावा, दार नीट लागलं नाही, रेघ ओलांडू नका, असं तिचं सारखं चाललेलं असतं. माझी सासूसुद्धा मला एवढं बोलली नव्हती. आणि स्टिअरिंग इतकं मऊ की चाकाखाली डांबर आहे का खडी, हाताला पत्ता लागत नाही. जुनीचं तसं नाही. फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या पुढं गेला की तिच्या इंजिनाचा आवाज बदलतो, पाठ सीटला चिकटते आणि साठी उलटलेला माणूस स्टिअरिंगमागे एकटाच हसतो. तरी गेले काही महिने ही गाडी मी अंगणातून फारशी बाहेर काढलेली नाही.

आम्ही पाच-सहा जण असे जुन्या गाड्यांचे वेडे. दर रविवारी सकाळी पंचगंगेचा पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागायचं, मलकापुरात थांबायचं, बॉनेट उघडून एकमेकांच्या इंजिनात डोकं घालायचं आणि मग आंबा घाट गाठायचा. कुणी नवी गाडी घेऊन आला तर त्या दिवशीचा चहा-भजी त्याच्याकडं, हा ठरलेला दंड. आणि कुठलीही गाडी दिसली की पहिला प्रश्न एकच, "ओरिजिनल हाय का?" म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच आहे का. रंग तोच, सीटचं कापड तेच, डिकीतला जॅकसुद्धा तोच. ज्याची गाडी ओरिजिनल, त्याला आमच्यात मान. बाकी माणूस कसा का असेना.

या हिशेबानं आमच्या दादांना मान मिळायला नको होता. दादा नात्यानं कुणी नव्हेत, आमच्या टोळीतले वडीलधारे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. उद्यमनगरात त्यांचा लेथचा कारखाना. लाल गाडी मूळची त्यांची. चालवायचे असे की घाटात आम्हाला फक्त त्यांचे मागचे दिवे दिसायचे. पण हाताला स्वस्थता नाही. गिअरची मूठ स्वतः लेथवर काढलेली, हॉर्न ट्रकचा, आणि डाव्या बाजूची पुढची सीट तर चार बोटं वर उचललेली. तिच्याखाली पट्ट्या वेल्ड करून सीट सरकायचे रूळ मागं लांबवलेले, वर दाराशेजारी हाताला धरायला लोखंडी दांडी. आम्ही त्या सीटला सिंहासन म्हणायचो. "दादा, गाडीचा पार ट्रॅक्टर केलासा की," असं कुणी म्हटलं की दादा म्हणायचे, "करणाऱ्यानं केलंय, बसणाऱ्याला विचारा." ते बोलणं आम्ही हसण्यावारी न्यायचो. बसणाऱ्याला विचारायला कुणीच गेलं नाही.

दादा दोन दिवसांच्या दुखण्यात गेले. महिन्याभरानं वहिनींनी मला घरी बोलावलं आणि चावी हातात दिली.

"भावजी, गाडी तुमीच न्या. दुसऱ्या कुणाकडं गेली तर हाल करंल तिचं."

मी पैशाचं विचारलं तर त्या रागावल्या. म्हणाल्या, "पैसं नगंत. एकदा मला तिच्यातनं आंब्याला फिरवून आणा, म्हंजे झालं. सोमवारी कारखान्याला सुट्टी, तवा ह्ये न्यायचे मला."

हे मला नवीनच होतं. वर्षानुवर्षं रविवारी बरोबर फिरलेल्या माणसाचा एक दुसराही वार होता, आणि त्या दिवशी शेजारी वहिनी बसायच्या, हे आम्हाला कधी सुचलंसुद्धा नव्हतं. मी म्हणालो, "नेतो की वहिनी. फक्त जरा तिला नीट करू दे. दादांच्या गाडीतनं जायचं तर ऐटीत जाऊ."

इथं माझं चुकलं. पण तेव्हा मला वाटत होतं की मी दादांसाठी काहीतरी मोठं करतोय.

गाडी मिस्त्रीकडं नेली आणि पहिल्या आठवड्यातच आतून सगळी खोलली. मग सुरू झाला माझा शोध. बेळगावच्या भंगारवाल्यांकडं मी इतक्या खेपा घातल्या की ते मला बघून आधी चहा मागवायचे. गिअरची मूठ मिळाली. हॉर्न मिळाला. सहा महिन्यांनी एका अपघाती गाडीतून डावी सीट मिळाली, कापडासकट, अगदी कारखान्यातली. ती मांडीवर घेऊन मी रिक्षातून मिस्त्रीकडं गेलो, लेकराला न्यावं तसं. जुनी सीट, पट्ट्या, दांडी, सगळं मिस्त्रीनं कोपऱ्यात टाकलं. त्यानं एकदा विचारलं, "मालक, ह्ये ठेवू का?" मी म्हणालो, "कशाला? घाण ती. दे टाकून."

वहिनी दर महिन्याला माझ्या औषधाच्या दुकानात यायच्या. बऱ्याच वर्षांपूर्वी पायरीवरून पडून त्यांचा खुबा मोडला होता, तेव्हापासून उजवा पाय नीट वाकत नव्हता. दुखण्याच्या गोळ्या मीच द्यायचो. आधी एक होती, मग सकाळ-संध्याकाळ झाली. गोळ्या पिशवीत टाकत त्या विचारायच्या, "भावजी, गाडी कुठवर आली?" आणि मी सांगायचो, एवढी दाराची पट्टी मिळाली की झालं. पुढच्या महिन्यात, एवढा डावा आरसा मिळाला की झालं. आरशासाठी सात महिने गेले. त्यांचा पाय मला माहीत होता आणि उचललेली सीटही माहीत होती. दोन्हींचा संबंध जोडायला काही फार अक्कल लागत नाही. माझ्याकडं तेवढीही नव्हती.

अडीच वर्षांनी गाडी तयार झाली. लाज वाटते, पण लिहितो. मी ती आधी वहिनींकडं नेली नाही, रविवारी मलकापूरला नेली. सगळे गाडीभोवती फिरले, वाकून वाकून खालून बघितलं. एक जण म्हणाला, "आता शोभती. दादानं हिचं पार वाटोळं केलतं." आणि मी हसलो. दादांच्या गाडीला टेकून उभा राहून मी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून वहिनींकडं गेलो. त्या तयारच होत्या. मोरपंखी साडी, हातात डबा, त्यात दोघांपुरती थालीपिठं. गाडीभोवती फिरून त्यांनी टपावरून हात फिरवला. "चकचकीत केलीसा की," म्हणाल्या. मग डावं दार उघडलं, पाठमोऱ्या झाल्या आणि उजवा हात मागं आत घातला. हात हवेत चाचपडत राहिला.

"हितं दांडी हुती न्हवं?"

"ती ओरिजिनल नव्हती वहिनी. काढली."

त्यांनी मग दार धरलं आणि खाली बसायला गेल्या. सीट फारच खाली होती. कशाबशा टेकल्या, पण पाय आत येईना. सीट मागं सरकेना. मी पाय उचलून आत घ्यायला गेलो तर त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की मी हात सोडला. त्यांनी पुन्हा एकदा करून बघितलं. मग मी आणि शेजारच्या बाईंनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. साडी चुरगळली होती. डबा खाली पडला होता.

मी म्हणालो, "मुलाची गाडी आणतो. उंच आहे, सहज बसता येईल."

"नगं. तसल्या गाड्या माझ्या भाच्याकडंबी हायत की." त्या पायरीवर बसल्या आणि गाडीकडं बघत राहिल्या. मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण एवढंच म्हणाल्या, "त्यांनी माझ्या मापानं केली हुती भावजी. मला ओट्यावर बसवून सुतळीनं माप घेतलं हुतं."

मी तसाच मिस्त्रीकडं गेलो. जुनी सीट मागितली. तो म्हणाला, "मालक, तुमीच टाका म्हणलासा. भंगारात गेली, त्येला दोन वर्सं झाली. कुठल्यातरी फौंड्रीच्या भट्टीत गेली आसंल." मग माझं तोंड बघून म्हणाला, "नवीन करून देतो की. चार पट्ट्यांचं काम हाय. फकस्त बाईंचं माप आणा."

टेप घेऊन मी त्याच दुपारी वहिनींकडं परत गेलो. त्या खुर्चीत बसल्या होत्या, पाय स्टुलावर सरळ ठेवून. मी टेप काढला तशा त्या हसल्या, मनापासून.

"ऱ्हाऊ द्या आता. ह्यो पाय आता तेवढाबी वाकत न्हाय. जुनी सीट असती तरी आज बसता आलं नसतं मला. तुमी चावी नेलीसा तवा मात्र बसले असते."

मी टेप गुंडाळून खिशात घातला. त्यांनी चहा केला नाही आणि मीही मागितला नाही. ज्या दिवशी चावी घेतली, त्या दिवशी गाडी त्यांच्याच दारात उभी होती, टाकी अर्धी भरलेली होती आणि चावी फिरवल्याबरोबर चालू झाली होती. वहिनी तिला निरोप द्यायला रस्त्यापर्यंत आल्या होत्या. शेजारची सीट रिकामी ठेवून मी एकटाच ती घेऊन निघून आलो होतो.