पाठ करून शिकवणाऱ्या बाई

गुरूची दृष्टी शिष्यावर पडल्याशिवाय विद्या फळत नाही, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून मानतात. माणगावकर बाईंनी आम्हा पाच जणींना स्कूटर शिकवली ती आमच्याकडे पाठ करून.

हे अक्षरशः खरे आहे. राजारामपुरीतल्या एका शाळेच्या मागे मैदान आहे. दुपारी तिथे कावळेसुद्धा नसतात. एकीने गाडीवर बसायचे, बाकीच्या चौघींनी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि बाईंनीही. "पाठ करा गं," असे त्या म्हणाल्या की आम्ही शिक्षा झालेल्या मुलींसारख्या वळत असू. मागून गाडीचा आवाज येई आणि मधेच बंद पडे. बाई न वळता विचारत, "पडलीस का थांबलीस?" काय उत्तर द्यायचे ते जिचे तिने ठरवायचे. आम्ही सगळ्या नेहमी थांबतच असू. माझे दोन्ही गुडघे थांबल्यामुळेच सोलले होते.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. तिथेही त्या तपासलेले पेपर उपडे करून वाटत आणि फळ्याशी कुणाला बोलावले तर आपण खिडकीबाहेर बघत. "ज्याच्याकडं बघतात तो शिकत नाही गं," त्या म्हणत. "तो नाटक करतो. आणि नापास झालेल्यालासुद्धा घरी जाऊन जेवायचं असतं." मी एका कॉलेजात ग्रंथपाल. पन्नाशी उलटल्यावर मुलाने वाढदिवसाला स्कूटर घेऊन दिली आणि तो नोकरीला बंगळुरूला निघून गेला. गाडी जिन्याखाली झाकून ठेवली होती. कोल्हापुरात दहावीची पोरगी मागे आजीला बसवून दूध घालायला जाते. तिथे माझ्या वयाच्या बाईने चालती गाडी पायांनी ढकलत शिकायचे म्हणजे अख्ख्या गल्लीची करमणूक. बाई शेजारी राहत. एका दुपारी कापडाखालून डोकावणारे चाक बघून त्यांनी एवढेच विचारले, "कुणी बघायला नसेल तर शिकशील?"

दुसरा नियम असा, की आज काय शिकायचे ते शिकणारीने सांगायचे. आमच्यात अक्काताई होत्या. बिद्रीकडच्या शेतकरी घरातल्या, नातवंडांच्या शाळेसाठी शहरात येऊन राहिलेल्या. त्यांचा आवाज उसाच्या फडातून बांधावर पोहोचावा असा. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "बाई, मला गाडी सरळ न्यायाची हाय. वळवायची न्हाय."

"मग भिंत आल्यावर?"

"उतरायचं की. गाडी फिरवायची, परत बसायचं."

"चालेल," बाई म्हणाल्या.

आठवडाभर अक्काताई भिंतीपर्यंत जाऊन, उतरून, गाडी म्हशीसारखी ओढत फिरवून परत येत राहिल्या. मला राहवेना. बाईंना म्हटले, तुम्ही एकदा सांगून का टाकत नाही? बाई म्हणाल्या, "तिला कंटाळा येऊ दे. माझ्या सांगण्यानं ती वळेल, पण मग ते वळण माझं होईल." पुढच्या आठवड्यात अक्काताईंनी भिंतीच्या अलीकडेच हँडल फिरवले आणि ओरडल्या, "आगं, वळली की गं ही! बघा की, आता बघा!" तेव्हा आम्ही वळलो. जिने बघा म्हटले तिच्याकडे बघायचे, हा तिसरा नियम. त्यानंतर बाई पिशवीतून भडंगाची पुडी काढत.

शिकवताना बाई गाडीला हात लावत नसत. "मान जिकडं, गाडी तिकडं." "चिखल दिसला की चिखलाकडं बघू नका, नाहीतर त्यातच जाल." सगळे तोंडी. स्वतः त्या छत्री घेऊन चालत येत आणि चालतच जात. मी वाचनाचा रोग असलेली बाई. मला यात थोर विचार दिसला. शिकवणाऱ्याने आपले कौशल्य झाकून ठेवावे म्हणजे शिकणाऱ्याला न्यूनगंड येत नाही, असा सिद्धान्त मी तयार केला आणि तो मला इतका आवडला, की बाईंना विचारायचे राहूनच गेले.

पुढे एका अध्यापक महाविद्यालयात कार्यशाळा झाली. विषय होता 'अध्ययनार्थीच्या मानसिक गरजा आणि अध्ययन-अनुभवांची रचना'. अध्ययनार्थी सतरंजीवर होते. गरजा व्यासपीठावरच्या गाद्यांच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या. बाईंना पाहुण्या म्हणून बोलावले होते आणि परिचय करून द्यायचे काम माझ्याकडे आले. इतरांच्या भाषणांतल्या फुग्यांना मी आयुष्यभर टाचण्या लावत आले आहे. त्या दिवशी मी स्वतः एक फुगवला. म्हणाले, "बाई स्वतः इतक्या सफाईने दुचाकी चालवतात, पण शिकणारीला कमीपणा वाटू नये म्हणून तिच्यासमोर गाडीवर बसत नाहीत!" टाळ्या झाल्या. मी बाईंकडे पाहिले. त्या सतरंजीकडे बघत होत्या. मला तो विनय वाटला.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकले, की महिला दिनाला फेटे बांधून निघणाऱ्या स्कूटर फेरीत सगळ्यात पुढे माणगावकर बाईंची गाडी राहील. बाई माईकजवळ जाऊन, "बघू," एवढेच म्हणाल्या. त्यावरही टाळ्या झाल्या.

त्यानंतरच्या एका दुपारी त्या मैदानावर आल्या आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाल्या, "आज मी जरा गाडी बघते. पाठ करा गं."

आम्ही वळलो. गाडी सुरू झाली. आवाज एकदम चढला, चाक खडीवर घसरल्याचा आवाज आला आणि मग धाडकन. नंतर काहीच नाही.

अक्काताईंनी भिंतीकडे बघतच हाक मारली, "बाई? पडलासा का थांबलासा?"

जरा वेळाने उत्तर आले. "थांबले." आणि मग, "वळायचं नाही कुणी."

आवाज बाईंचा नव्हता. म्हणजे दुखणे गिळून काढलेला होता. मला ते कळले. कळूनही मी भिंतीकडे बघत राहिले. त्या भिंतीवरचा शेवाळाचा डाग मला अजून काढून दाखवता येईल. 'बाईंचा मान', 'बाईंची निवड' असे भारी शब्द त्या क्षणी माझ्या मनात चालले होते. मागे बाई खुब्याचे हाड मोडून खडीत पडल्या होत्या आणि गुडघ्यावर गेलेली साडी खाली ओढत होत्या.

"खड्ड्यात गेला ह्यो नेम!" अक्काताई म्हणाल्या आणि धावल्या. त्यांच्यामागे बाकीच्या तिघी. सगळ्यात शेवटी मी.

दवाखान्यात बाईंनी पहिला प्रश्न अक्काताईंनाच केला. "बघितलंस ना मला?"

"न्हाय ओ बाई. डोळं झाकूनच पळत आलो."

"मग बरोबर माझ्यापाशी कशी पोचलीस?"

"आता मान जिकडं, गाडी तिकडं. तुमीच शिकवलंय न्हवं?"

बाई हसल्या, मग हसताना दुखले म्हणून रडल्या. मी खाटेच्या पायाशी उभी होते. मला म्हणाल्या, "तू खोटं नाही बोललीस. तुला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि टाळ्या वाजत असताना 'नाही' म्हणायला तोंड उघडेना. लहानपणी आजऱ्यात एकदा सायकल घेतली होती. सगळी पेठ दुकानांच्या पायऱ्यांवर आली बघायला. पडले ते पडले, वर लोक हसले. त्यानंतर हात लावला नाही. दुसऱ्यांना शिकवायला मात्र आवडायचं." मग म्हणाल्या, "तू पाठ करून उभी राहिलीस ते चांगलं केलंस." त्यांनी हे मनापासून म्हटले. त्यामुळे ते जास्तच लागले. पाठ करणे आणि पाठ फिरवणे यातला फरक त्यांनी आम्हाला कधी शिकवला नव्हता, कारण तो कुणाला शिकवावा लागेल असे त्यांना वाटले नसावे. अक्काताईंना तो न शिकवता येत होता.

बाई काठी घेऊन चालू लागल्या, पण मैदानावर फार आल्या नाहीत. पुढच्या थंडीत गेल्या.

त्याच महाविद्यालयात शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणाले, ज्या काळात बायका घराबाहेर पडत नव्हत्या त्या काळात बाई या शहरातून एकट्या दुचाकीवरून फिरत. दुसऱ्या वक्त्यांनी त्या दुचाकीची मोटारसायकल केली. नंतर माझे नाव पुकारले गेले. खरे सांगून टाकावे म्हणून मी उठणार, तोच अक्काताईंनी पदर धरून मला खाली बसवले. "गप बस की," त्या म्हणाल्या. त्यांच्या मानाने ते कुजबुजणे होते. तीन ओळी वळल्या. "बाई काय म्हणाल्यात? थांबलो म्हणाल्यात. मग थांबल्यात."

मी गेले आणि बाई उत्तम गणित शिकवत एवढेच बोलून खाली आले. शेवटी अध्यक्षांनी आम्हा पाच जणींना उभे केले आणि सांगितले, की बाईंनी दिलेल्या चाकांवर या भगिनी आज स्वावलंबी झाल्या आहेत.

आम्ही दोन रिक्षा करून आलो होतो. तिथे गाड्या लावायला जागा नसते.