आठवड्याच्या सुईची वेळ

७ जून, शनिवार. रक्कम नऊ हजार सहाशे रुपये, वजन उतरवायच्या इंजेक्शनच्या, चार आठवडे पुरणाऱ्या एका पेनची. हजर: मी, माझी बायको, पिंगळीहून डोळ्यांचे थेंब घ्यायला आलेली माझी थोरली बहीण आणि औषध दुकानदार. दुकानदाराने बर्फाच्या पिशवीत पेन गुंडाळून दिलं, मी पैसे मोजून दिले, पावती घेतली. नऊ हजार सहाशे हा आकडा ऐकून तिथे कुणी एक शब्द बोललं नाही. बहीणसुद्धा नाही. हे मी मुद्दाम आधी लिहून ठेवतो, कारण पुढे दोनशे रुपयांवरून आमच्या घरात जे झालं ते त्याशेजारी ठेवून वाचायचं आहे.

बायकोचं वजन त्या दिवशी चौऱ्याण्णव किलो चारशे ग्रॅम होतं. साखर वाढलेली, दोन्ही गुडघे धरलेले. ती बोरीच्या अलीकडच्या एका खेड्यात पहिलीचा वर्ग शिकवते. पहिलीची मुलं खाली सतरंजीवर बसतात, आणि गेली चार वर्षं ही खुर्चीवर. खाली बसली तर उठता येत नाही. मुलं पाटी डोक्याच्या वर धरून तिला दाखवतात. तिला वजन कशासाठी कमी करायचं आहे, असं डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा ती साखरेचं काही बोलली नाही. म्हणाली, मला वर्गात खाली बसायचंय.

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मी वहीत उतरवून घेतलं होतं. आठवड्यातून एकदा, दर वेळी तोच वार. दिवसातल्या कोणत्याही वेळी चालेल. जेवणाआधी की नंतर, फरक नाही. पहिले काही आठवडे मळमळ होऊ शकते, त्या हिशोबाने तुमच्या सोयीची वेळ ठरवा. वार बदलायचा झाला तर आधी फोन करा, मध्ये पुरेसे दिवस जायला हवेत. एवढं साधं. यात मत द्यायला जागाच नव्हती.

पण घरी पोचेपर्यंत मतं तयार होती. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिचा पहिला प्रश्न, आज कोणता वार हाय. शनिवार म्हटल्यावर तिने कपाळाला हात लावला. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत, आणि सुई म्हणजे लोखंडच. दुसरं, दिवे लागल्यावर घरात सुई धरायची नाही, मग ती शिवायची असो नाहीतर टोचायची. म्हणजे संध्याकाळ गेली. बहिणीच्या जावेला थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी असते, म्हणून बहिणीच्या मते खरं औषध ते उपाशीपोटीचंच. छत्रपती संभाजीनगरच्या धाकट्या भावाने फोनवर दोन व्हिडिओ पाठवले. एकात रात्री नऊनंतर म्हटलं होतं, दुसऱ्यात दुपारी बारा. त्याने दोन्ही पाठवले, पाहिला एकही नसावा. मी डॉक्टरबाईंचं वाक्य तीनदा वाचून दाखवलं. कोणत्याही वेळी चालेल, हे ऐकायला कुणी तयार नव्हतं. ज्या औषधाला वेळेचं बंधन नाही ते औषधच नव्हे, असं आमच्याकडे समजतात.

एवढ्या चर्चेत तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही. ती आत सगळ्यांचा चहा करत होती.

शेवटी रविवार, सकाळी सात ठरलं. आईचा सूर्य वर आलेला, बहिणीचं उपाशीपोट साधलेलं. ८ जूनला पहिलं इंजेक्शन तिने स्वतःच पोटाला टोचून घेतलं. त्या आठवड्यात थोडं मळमळलं, पण सुट्ट्या होत्या, ती पडून राहिली. दुसरं १५ जूनला. सोळाला, सोमवारी, शाळा उघडली.

नवी मुलं पहिल्यांदा शाळेत येणार म्हणून तिने फुलं घेतली होती. पहाटेपासूनच पोट ढवळत होतं, तरी आठ चाळीसची बस धरली. वाटेतल्या झरीच्या आधी तिने बस थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला ओकली. पन्नासेक माणसं खिडकीतून बघत होती. परत चढल्यावर शेजारच्या म्हातारीने विचारलं, ‘‘कितवा म्हैना हाय बाई?’’

बायको एक्कावन्न वर्षांची आहे. ती म्हणाली, ‘‘दुसरा आठवडा.’’

बस हसली. हे तिने मला घरी हसतच सांगितलं. मला मात्र संताप आला. त्या म्हातारीचा नाही. पहाटेच्या उपाशीपोटीचा, लोखंडाचा, व्हिडिओंचा. मी ठरवलं की आता ही वेळ आकड्यांनी ठरवायची, आणि ती मी ठरवणार.

मी एका कार्यालयात लेखा शाखेत आहे. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरजा तपासतो. मी तक्ता केला. इंजेक्शनची वेळ, मळमळ कधी सुरू, कधी थांबली, किती वेळा उलटी, काय खाल्लं. दोन आठवड्यांच्या नोंदींवरून दिसलं की तिला साधारण विसाव्या तासाला त्रास सुरू होतो आणि छत्तिसाव्या तासाला ओसरतो. सोळा तास. आता हे सोळा तास आठवड्यात कुठे बसवायचे एवढाच प्रश्न. शनिवारी तिची शाळा सकाळची असते, एकपर्यंत घरी येते. दुपारी दोनला टोचलं तर त्रास रविवारी सकाळी दहाला सुरू, सोमवारी पहाटे दोनला संपला. बस वाचली, शाळा वाचली, एक रजा नाही. मी स्वतःवर खूश होतो. आईने शनिवारवरून दोन दिवस अबोला धरला, मग पुढचं पेन तरी शनिवारी विकत आणायचं नाही या अटीवर बोलली. ती अट मी मान्य केली. ४ जुलैला, शुक्रवारी, मोठ्या मात्रेचं पेन आणलं.

तक्ता चालला. शाळेच्या रकान्यात सलग तीन आठवडे शून्य उलट्या. रविवारच्या रकान्यात दोन, तीन. आषाढीचा रविवार उपासात निभावला. मी ते आकडे बघून म्हणायचो, सुट्टीच्या दिवशी आहे, बरं आहे. हे वाक्य मी बोललो आहे. तिच्यासमोर, निदान दोनदा.

जुलैचा दुसरा रविवार, तेरा तारीख. पिंगळीहून बहीण, भाऊजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं जेवायला आली. रविवारी येतात, नेहमीच येतात. आदल्या दिवशी वाढलेल्या मात्रेचं दुसरं इंजेक्शन झालेलं. साडेदहाला तिने वांग्याची फोडणी टाकली आणि तोंडावर पदर धरून न्हाणीघरात गेली. बाहेर आली, चूळ भरली, पोळ्या लाटायला घेतल्या. परत गेली. मी बाहेरच्या खोलीत भाऊजींना वजनाचा आलेख दाखवत होतो. चार किलो एकशे ग्रॅम कमी झालं होतं.

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘‘दहा हजार मोजून ओकाऱ्या इकत आणल्या बाई. ते बी शनवारी.’’

त्यावर आई हसली, सून हसली. बायकोने गॅस बंद केला. तव्यावर पोळी तशीच. ती बाहेर आली, माझ्या हातातली वही घेतली आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘शनिवारी शाळा वाचवली, सोमवारी शाळा वाचवली. रविवार तुम्ही कुणाला विचारून दिला?’’

मी म्हणालो, सुट्टी असते म्हणून.

‘‘सुट्टी तुम्हाला असते,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेत मळमळलं तर मी खुर्चीत बसून राहते, मुलं गप लिहितात. इथं मला कोण बसू देतंय? आणि चारठाण्याला गेलेली नाही मी, पाच रविवार झाले. ते कुठं लिहिलंय यात?’’

चारठाण्याला तिचे वडील असतात, चौऱ्याऐंशी वर्षांचे. महिन्यातले दोन रविवार स्वयंपाक आटोपून दुपारच्या गाडीने ती त्यांना भेटून येते. ते माझ्या वहीत नव्हतं. वहीत तिने खाल्लेल्या बिस्किटांची संख्या होती.

मग ती म्हणाली की हे बास झालं, पुढची सुई ती घेणार नाही. आवाज चढवला नाही. आत जाऊन राहिलेल्या पोळ्या केल्या, सगळ्यांना वाढलं. तेच जास्त लागलं मला. जेवताना भाऊजींनी मला समजावलं की वजन खाणं कमी करूनच उतरतं, सुया कशाला. त्यांनी चौथी पोळी घेतली होती. मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं की जेवण झालं असेल तर हात धुवा. बहिणीने ते अजून मनात धरलं आहे. धरू दे.

पाहुणे गेल्यावर मी तक्ता परत काढला, आणि त्यातली चूक मला तेव्हा दिसली. बेरीज बरोबर होती. पण संध्याकाळचे सहा ते दहा आणि पहाटेचे पाच ते आठ हे तास मी सुईच्या वेळेसाठी मुळात धरलेच नव्हते. ते स्वयंपाकाचे, डब्यांचे, म्हणून आधीच वगळलेले. डॉक्टरबाई चोवीस तासांतली कोणतीही वेळ म्हणाल्या होत्या. आमच्या घरात त्यातले सतराच निघाले, आणि उरलेले सात कापताना माझा हातसुद्धा अडखळला नाही. कार्यालयात कुणी असा तक्ता माझ्यापुढे ठेवला असता तर मी तो त्याच्या टेबलावर परत फेकला असता.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं की तुला कधी हवी. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. तिला विचार करावा लागला नाही, उत्तर तिच्याजवळ पहिल्या आठवड्यापासून होतं. बुधवार, रात्री नऊ. म्हणजे गुरुवारी पाचला ती शाळेतून घरात पाऊल टाकेल तेव्हा त्रास सुरू होईल, अंथरुणात आणि झोपेत बराचसा जाईल, शुक्रवारी बसच्या वेळेपर्यंत ओसरेल. रविवार मोकळा. ‘‘फक्त गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी सकाळी मी चुलीपाशी जाणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हे जमत असंल तर सुई. नाहीतर राहू द्या.’’

मी डॉक्टरबाईंना फोन केला. शनिवार ते बुधवार चार दिवस होतात, चालेल म्हणाल्या. राहिला स्वयंपाक. मला चहा आणि मुगाची खिचडी येते. आईला रात्री ज्वारीची भाकरी लागते, खिचडी ती आजाऱ्याचं अन्न समजते. भाकरी थापायचा मी मंगळवारी प्रयत्न केला. तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. मागच्या गल्लीत एक बाई घरोघरी जाऊन पोळ्या-भाकरी करून देतात. त्यांना विचारलं. एका वेळेचे शंभर म्हणाल्या. मी हो म्हटलं.

आणि मग घर पेटलं. घरात बाई असताना पैसे देऊन भाकरी, असं आई म्हणाली. लोक काय म्हणतील हे पिंगळीहून फोनवर आलं. धाकट्या भावाने महिन्याचे आठशे, वर्षाचे नऊ हजार सहाशे असा हिशोब मला ऐकवला, मला. जेवढं एका पेनला चार आठवड्यांत जातं तेवढंच, आणि तेव्हा हा माणूस व्हिडिओ पाठवत होता. औषधाचे पैसे दुकानदाराला गेले तर तो उपचार. भाकरीचे पैसे एका बाईला गेले तर ती उधळपट्टी, आणि आमच्या घरातल्या बाईचा आळस. हे मी आईला याच शब्दांत सांगितलं. आई म्हणाली, ‘‘आमी नऊ म्हैन्यांच्या पोटानं बी भाकरी थापल्या.’’ मी म्हणालो, थापल्या, आणि तेव्हाही कुणी तुला विचारलं नाही. ती उठून देवापाशी गेली. मला वाटत नाही की तिला पटलं.

दिवाळीपर्यंत वजन शहाऐंशीवर आलं. तिला अजून मांडी घालता येत नाही. वर्गात एक पाय लांब करून भिंतीला टेकून ती खाली बसते, उठताना खुर्चीला धरते. पाट्या आता मुलं तिच्या मांडीवर ठेवतात. रविवारी चारठाण्याला जाते, आणि बहीण आली तर बहिणीला जेवण मी वाढतो.

त्या पहिल्या बुधवारी, १६ जुलैला, रात्री नऊला इंजेक्शन झालं होतं. दिवे लागलेले होते, सुई सुईच होती. गुरुवारी ती साडेपाचला येऊन आतल्या खोलीत आडवी झाली आणि दार लावून घेतलं. बाईंनी सहा भाकरी केल्या, भाजी मी केली, तिखट जास्त झालं. शुक्रवारी पहाटे बाई परत आल्या, माझा डबा झाला, दार तेव्हाही बंद होतं. सव्वाआठला ती उठून आली आणि बाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला. १८ जुलै, शुक्रवार, दोन वेळचे दोनशे रुपये, रोख, बाईंच्या हातात दिले.