मावशीचे केस आणि हॉटेलच्या चादरी

आमची मावशी लाँड्रीत कामाला आहे. हवा जरा दमट झाली की तिचे कुरळे केस असे फुगायचे, की तेल, जेल, क्लिपा सगळ्यांनी हात टेकायचे. मालक खवचटपणे म्हणायचे, "बाई, हे जंगल जरा आवरा." शेवटी वैतागून तिने पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून घेतले.

दुसऱ्याच दिवशी गच्चीवर वाळत घातलेल्या हॉटेलच्या चादरी पावसात चिंब झाल्या. मालक तिच्यावरच उखडले. "पाऊस येणार, हे तुमच्या केसांवरून कळायचं मला. ते बघूनच तर चादरी वर पाठवायचो."

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं.

मावशी चादर पिळत म्हणाली, "केस आता पावसाळाभर असेच राहणार. तोवर आभाळाकडे बघत जा."